अभ्यासक्रम कोणाला डोळ्यांपुढे ठेवून?

इंग्रजीत ज्याला ‘करिक्युलम’ म्हणतात तो शब्द मूळचा लॅटिन. सेमिनरीत जे थोडेफार लॅटिन आम्ही शिकलो त्यात त्याचा अर्थ ‘धाव’ असा होता. रथांच्या शर्यतीलाही रोमन लोक हाच शब्द लावीत. मराठीने त्यासाठी ‘अभ्यासक्रम’ हा शब्द घडविला, आणि ‘क्रम’ शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत धातूचा अर्थ आहे पाऊल टाकणे, चालणे. म्हणजे रोमन मूल धावते आणि आपले मूल चालते! व्युत्पत्तीवर तत्त्वज्ञानाचा डोलारा उभारू नये हे आम्ही जाणतो. तथापि नाशिकमधील नाना प्रकारच्या खासगी शाळांचा विचार करू लागलो की हे दोन शब्द आमच्या मनात एकमेकांसमोर येऊन उभे राहतात.

नाशिक एके काळी घाटांचे, मंदिरांचे आणि द्राक्षांचे गाव होते. आता ते शाळांचेही झाले आहे. गंगापूर रोडने किंवा इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याकडे जाणारा मनुष्य वाटेतील फलक वाचीत गेला तर राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, केंब्रिज ही सारी नावे त्याला भेटतात. जोडीला जुन्या गावातील अनुदानित मराठी शाळा आहेत, आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कॉन्व्हेंट शाळा आहेत, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत खासगी संस्थांनी चालविलेल्या आश्रमशाळा आहेत. शिवाय शिकवणी वर्गांशी संधान बांधलेली ती कनिष्ठ महाविद्यालये आहेत, जेथे विद्यार्थ्याचे नाव एका पटावर असते आणि तो बसतो दुसरीकडेच. व्यवहारात ह्या सर्वांना आपण ‘खासगी’ म्हणतो. इतक्या भिन्न गोष्टींना एकच विशेषण पुरते, हे त्या विशेषणाच्या पोकळपणाचे लक्षण मानावे लागेल.

डिसेंबर उजाडला की प्रवेशाच्या शिफारसपत्रासाठी पालक धर्मगुरूंकडे येऊ लागतात. त्यांचा प्रश्न साधा असतो : फादर, कोणते बोर्ड चांगले? प्रश्न गैर नाही. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. शासकीय शाळेला मूल निवडता येत नाही आणि पुस्तकही निवडता येत नाही. खासगी शाळा मात्र ह्या दोन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात निवडते. कोणाला घ्यावयाचे हे ती ठरविते आणि काय शिकवावयाचे हेही ठरविते. हे स्वातंत्र्य तिला कशाच्या बळावर मिळते? आणि त्या दोन निवडी खरोखर दोन आहेत काय? आमच्या मते त्या दोन नाहीत. कोणते मूल डोळ्यांपुढे आहे हे ठरले की अभ्यासक्रम ठरतो. उलट अभ्यासक्रम नीट वाचता आला तर शाळेच्या डोळ्यांपुढे कोणते मूल आहे हेही कळून येते.

ह्या गावाने असे अभ्यासक्रम पूर्वीही पाहिले आहेत. शरणपूर रोडवर आज दुकानांची आणि वाहनांची दाटी आहे. ज्या शरणपुरावरून त्याला नाव मिळाले तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. ही मंडळी आमच्या पंथाची नव्हेत, प्रॉटेस्टंट. पण म्हणून त्यांचे काम आम्ही कमी लेखीत नाही. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले येथे आणून ठेवीत. त्यांना अक्षर शिकवीत, पवित्र शास्त्र शिकवीत, आणि त्याबरोबर सुतारकी, लोहारकी यांसारखा एखादा हातचा धंदा शिकवीत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईस आला तेव्हा पुढील मोहिमेसाठी ह्या शाळेतील नऊ तरुण त्याने बरोबर घेतले. ह्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट मागाहून त्या मोहिमेत जाऊन मिळाला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव त्यानेच कोरले. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांत तो होता. वाचता येणे आणि हत्यार चालविता येणे, शरणपुरात मिळालेल्या ह्या दोन्ही विद्या एका झाडाखाली एकाच दिवशी कामास आल्या.

तेथील शिक्षकांना हे काही आधी दिसले नव्हते. त्यांच्या समोर होते ते जगात कोणीच नसलेले मूल, ज्याला शाळा सुटल्यावर परत जाण्यास घर नव्हते. त्या मुलांना धर्माच्या बाबतीत कोणी विचारले होते काय, असा प्रश्न आज कोणी केला तर तो रास्तच आहे, आणि त्याचे उत्तर आम्हां मिशनवाल्यांना अवघड जाईल. परंतु अभ्यासक्रम म्हणून पाहिले तर त्यात एक सचोटी दिसते. मुलाला पुढे खरोखर जे लागेल ते द्यावयाचे, असा तो हिशेब होता.

१९१४ साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले. उदोजी मराठा बोर्डिंगसारख्या वसतिगृहांमुळे शेतकऱ्यांची मुले शहरात राहून शिकू लागली. तेथे पुस्तक निराळे नव्हते. निराळे होते ते बाकावर बसणारे मूल, आणि तेवढ्यानेही पुष्कळ काही बदलले. १९२५ साली देवळालीस बार्न्स स्कूल उघडले, तेथे अँग्लो-इंडियन आणि युरोपीय मुलांसाठी सर्व व्यवस्था विलायती वळणाची. आणि मग १९३७ हे साल तर मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. त्याच वर्षी दादासाहेब बिडकरांचे डांग सेवा मंडळ स्थापन झाले आणि सुरगाणा-पेठ भागातील आदिवासी मुलांच्या शिक्षणाची वाट उघडली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरून हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा, ज्याला पुढे ‘नई तालीम’ म्हणू लागले तो, विचार देशापुढे आला. ह्या तिघांचे एकमेकांशी पटणे कठीण होते. त्यांतील एखादा मार्ग आमच्या श्रद्धेलाही मानवणारा नाही. पण तिघांनाही विचारले असते की, तुमचा अभ्यासक्रम कोणासाठी, तर तिघांनीही क्षणाचा विलंब न लावता उत्तर दिले असते.

याहूनही आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले ते आमच्या शिक्षकांनी अवश्य पाहावे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले आहे, ते मात्र कमी जणांच्या ध्यानात असते. मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख असावी, शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे आणि नीती व आरोग्य यांविषयी काही पाठ असावेत. खेड्यातील शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगीपणात उणे असू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. मोडी आज राहिली नाही, पण तो हिशेब मांडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ज्याचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपणार आहे अशा मुलाला त्यांनी मोजमाप मानले. जो पुढे महाविद्यालयात जाणार आहे त्याची काळजी घेणारे त्या काळी पुष्कळ होते.

आता आजच्या शाळेचे माहितीपत्रक उघडावे. ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द प्रत्येकात सापडतील. कोणाचा विकास, हे कशातही सापडत नाही. ते शोधण्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते.

छापील अभ्यासक्रमात खासगी शाळेला वाटते तेवढे स्वातंत्र्य नाही. एके काळी ते होते. निरनिराळ्या प्रकाशकांच्या वाचनमाला चालत, आणि आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला अनेक पिढ्यांना आठवते. जानेवारी १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्य मंडळाच्या शाळांत, मग ती शाळा झेडपीची असो की कॉन्व्हेंट, एकच पुस्तक आले. ही समतेच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली असे आम्ही मानतो. सुरगाण्यातील मुलगी आणि कॉलेज रोडवरील मुलगी एकच कविता पाठ करीत होत्या. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ ने अभ्यासक्रम ठरविण्याचे काम शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणावर सोपविले. तो संविधानातील मूल्यांना धरून असावा आणि शिक्षण शक्य तोवर मातृभाषेतून असावे असेही त्यात म्हटले आहे. २०२० च्या राज्याच्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ मध्ये तर राज्य शासनानेच सीबीएसईच्या धर्तीवरील अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिल ते जून पहिलीपासूनच्या हिंदीवरून केवढे वादळ उठले, दोन शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला दोन्ही मागे घ्यावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. छापील अभ्यासक्रमावर समाजाचे लक्ष असते, आणि ते असावे. परंतु निरनिराळ्या मंडळांची पुस्तके जसजशी एकमेकांजवळ येत आहेत, तसतशी शाळाशाळांतील अंतरे मात्र वाढत आहेत. तेव्हा ही अंतरे पुस्तकात नसून अन्यत्र कोठे तरी असली पाहिजेत. आमच्या मते ती वेळापत्रकात आहेत, मैदानावरील भाषेत आहेत आणि पटावरील नावांत आहेत. येथे खासगी शाळेचे स्वातंत्र्य आजही जवळजवळ संपूर्ण आहे, म्हणून तिची जबाबदारीही येथेच पुरी आहे.

वेळापत्रक घ्या. मुख्याध्यापकांच्या दालनात ते चौकटीत लावलेले असते आणि मोठे देखणे दिसते : चित्रकला, शारीरिक शिक्षण, ग्रंथालय, कार्यानुभव, नीतिशिक्षण. दिवाळीची सुटी संपली की त्याला गळती लागते. प्रथम ग्रंथालयाचा तास जातो, मग चित्रकला, मग खेळ. दहावीच्या वर्गात जानेवारीपर्यंत गणित, विज्ञान आणि इंग्रजी एवढेच उरते. आमच्या नीतिशिक्षणाच्या तासाची कथा तर कोणत्याही कॅथॉलिक शाळेतील शिक्षकाला सांगावी लागणार नाही. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणाही मुलाला, पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. ते योग्यच आहे. त्यामुळे कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणास एका खोलीत जातात आणि इतर मुले नीतिशिक्षणास दुसऱ्या खोलीत बसतात. हे दोन्ही तास बहुधा शेवटचे किंवा मधल्या सुटीला लागून असतात. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकावर नीतिशिक्षण आणि फळ्यावर बीजगणित, असा प्रकार सुरू होतो. बीजगणिताशी आमचे वैर नाही. पण मुले त्या तासात बीजगणिताखेरीज आणखी एक धडा शिकतात, तो असा की भिंतीवर एक लिहावे आणि प्रत्यक्षात दुसरे करावे, मोठी माणसे असेच करतात. प्रामाणिकपणावरचा धडा ज्या तासाला व्हावयाचा त्याच तासाला हा धडा होतो, आणि तो कोणीही विसरत नाही.

कोणी म्हणेल, हे क्षुल्लक आहे. आम्हांला तसे वाटत नाही. वेळ अपुरा पडला असता शाळा प्रथम काय सोडते यावरून ती कशाला शिक्षण मानते हे कळते. गणिताचा तास बुडविला तर शिकवणीत भरून निघेल, अशी सोय काही मुलांना असते. पण ग्रंथालयाचा तास बुडाला तर ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही त्या मुलाचे वाचन त्या वर्षापुरते संपते. चित्राचा तास गेला तर रंगाची पेटी ज्याला कोणी घेऊन देणार नाही तो रंगाला मुकतो. म्हणजे कापले जाणारे तास नेमके ज्यांना दुसरीकडे काही मिळत नाही त्यांच्या वाटचे असतात. ही गोष्ट कोणी दुष्टपणाने करीत नाही. टक्केवारीचा फलक फाटकाबाहेर लागतो आणि सारे आपोआप होते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण येथे आमची स्वतःची परंपरा निर्मळ नाही. मैदानावर मराठी बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेणाऱ्या, गळ्यात पाटी अडकविणाऱ्या शाळांविषयी आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांतील काही आपल्याच होत्या. कॅथॉलिक शिक्षणाचा सर्वांत गाजलेला अभ्यासक्रम म्हणजे येशूसंघीयांनी १५९९ साली सिद्ध केलेला ‘रेशिओ स्टुडिओरुम’. वर्गांची चढती रचना, उजळणी, वादविवाद, नाट्यप्रयोग या सर्वांना त्यात स्थान होते. वर्गात लॅटिनच बोलावे, मातृभाषेला तेथे प्रवेश नाही, हा नियमही त्यातच होता. तेव्हा इंग्रजीसाठी दंड करणारी शिक्षिका म्हणू शकेल की, फादर, आम्ही तुमचेच वाचले!

परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. लॅटिन ही त्या वर्गातील कोणाच्याच घरची भाषा नव्हती. सरदाराच्या मुलाला आणि चांभाराच्या मुलाला ती सारखीच परकी होती, सारखीच घोकावी लागे. नाशिकच्या शाळेत इंग्रजी अशी सर्वांना सारखी परकी नाही. एका बाकावरील मुलाच्या घरी ती नाश्त्याच्या टेबलावर बोलली जाते, त्याच बाकावरील दुसऱ्याच्या घरी ती केवळ औषधाच्या बाटलीवर असते. मैदानावर मराठीला बंदी केली की पहिल्याचे काही जात नाही, आणि दुसरा मधल्या सुटीपुरता मुका होतो. दुसरी गोष्ट अशी की त्याच ‘रेशिओ’त शिक्षकासाठी असाही नियम आहे की त्याने कोणाला तुच्छ लेखू नये आणि गरिबांच्या अभ्यासाची श्रीमंतांच्या अभ्यासाइतकीच काळजी वाहावी. शिवाय येशूसंघाच्या त्या शाळा विद्यार्थ्यांकडून शुल्क घेत नसत. राजे, नगरे आणि धनिक यांच्या देणग्यांवर त्या चालत. आम्ही त्या परंपरेतून भाषेची सक्ती उचलली आणि शुल्काची माफी मागे ठेविली, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात बसून मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते छापले गेले, हेही आपलेच आहे. त्यांची आठवण आपण व्याख्यानांत काढतो, मैदानावर नव्हे.

आता पटावरील नावांकडे येऊ. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देणे बंधनकारक केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. इतरांसाठी हा झगडा झाला. आम्हांला तो करावा लागला नाही, कारण अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला होता. तिसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काचे ते संरक्षण होते आणि तो हक्क आम्ही प्राणपणाने जपावा. अल्पसंख्याकाच्या हातून शाळा गेली की पाठोपाठ बरेच काही जाते. मात्र हाच हक्क समजावून सांगताना, १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटले होते की व्यवस्थापनाच्या हक्कात गैरव्यवस्थापनाचा हक्क येत नाही. कायदा एवढेच म्हणू शकतो. कायद्याने मोकळे केलेल्या शाळेला तिच्या सद्सद्विवेकाने मोकळे केले आहे काय, हे न्यायालय सांगणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा प्रसिद्ध केला त्यात तर ऐहिक संपत्तीने गरीब असलेल्यांची, कुटुंबाचा आधार नसलेल्यांची आणि ख्रिस्ती श्रद्धेबाहेरील लोकांची गरज कॅथॉलिक शाळांनी विशेषत्वाने पाहावी, असे सांगितले आहे. पंचवीस टक्क्यांची अट त्यात नाही, खरे. त्यात कोणतीच टक्केवारी नाही.

याचा अभ्यासक्रमाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध थेट आहे. ज्या वर्गातील प्रत्येक मुलामागे शिकवणी, शिकलेली आई आणि अभ्यासाचे टेबल आहे त्या वर्गात शिक्षिका धडा वाचते आणि पुढे जाते. अभ्यासक्रम धावू लागतो. त्याच वर्गात घरातील पहिलेच शाळेत आलेले एक मूल बसविले की तिला थांबावे लागते, उदाहरण बदलावे लागते, पुन्हा सांगावे लागते. पुस्तक तेच राहते, पण आता ते चालू लागते. गंमत अशी की ज्यांना वेग हवा होता त्यांनाही ह्या थांबण्याचा लाभ होतो, कारण समजावून सांगावे लागल्याखेरीज शिक्षकालाही विषय नीट समजत नाही. शिकविण्याचे काम केलेला कोणीही हे मान्य करील.

आमच्या धर्मभगिनी, ज्यांच्या खांद्यावर ह्या शाळा उभ्या आहेत, ह्यावर जे म्हणतात तेही नोंदविले पाहिजे. विनाअनुदानित शाळेला शिक्षकांचे पगार शुल्कातूनच द्यावे लागतात. शुल्क देणारे पालक निकाल मागतात. निकाल लागला नाही तर ते रस्त्यापलीकडच्या शाळेत जातात, आणि मग ज्या दहा गरीब मुलांना आम्ही सवलत देतो तीही देता येणार नाही. हे म्हणणे खरे आहे. हिशेबाची वही आम्ही पाहिली आहे आणि तिच्यात उपदेशाचा रकाना नसतो. तरीही त्यांच्यापुढे आम्ही एवढेच ठेवू की सवलत दिलेली ती दहा मुले शाळेत येतात तेव्हा त्यांच्यासाठी अभ्यासक्रम बदलतो का, की शुल्क तेवढे माफ होते आणि बाकी सारे त्यांनी इतरांप्रमाणे धावून गाठावयाचे असते? दुसरे असेल तर ती सवलत शर्यतीच्या प्रवेशिकेपुरती आहे. आणि ह्याला फारसा पैसा लागत नाही. ग्रंथालयाचा तास मार्चपर्यंत जिवंत ठेवण्यास किती खर्च येतो?

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, तेथील मिशनच्या जुन्या खेडेशाळांत एकच मास्तर असे. तोच धर्मशिक्षक, तोच अक्षर शिकविणारा, तोच मुलाला ताप आला तर घरी जाणारा. त्याचे इंग्रजी यथातथाच होते. आमच्या समाजातील आजचे कितीतरी शिक्षक, परिचारिका आणि धर्मगुरू त्या मास्तरांच्या हाताखालून गेलेल्यांची नातवंडे आहेत. त्यांना आज शहरातील कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश हवा असतो, आणि त्यात चूक काही नाही. पण त्या मास्तराचे वेळापत्रक कसे होते, हे विचारून ठेवण्यासारखे आहे. पेरणीच्या दिवसांत शाळा सकाळची होई.

हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहिले, कारण आमच्याच जिल्ह्यात त्याची गरज आहे. दिवाळीनंतर पेठ आणि सुरगाण्याकडील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणीनंतरची कामे, मग विरळणी, मग काढणी, असे करीत ती मार्चपर्यंत तेथेच राहतात. काही मुले आश्रमशाळेत वा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईबापांबरोबर येतात आणि बागेच्या कडेला पालात दिवस काढतात. त्यांच्यासमोरून खासगी शाळांच्या पिवळ्या बस जातात. साऱ्या महाराष्ट्राचा अभ्यासक्रम ज्या महिन्यांत पुरा होतो नेमके तेच महिने ह्या मुलांच्या वर्षातून गळालेले असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या, त्यांना यश किती आले याविषयी मतभेद असतील. पण शाळेने मुलाच्या पंचांगाप्रमाणे चालावे ही कल्पना त्यांनी मांडून दाखविली. मग द्राक्षशाळा का असू नये? कोणाची परवानगी लागेल, पट कोठे दाखवावयाचा, हे प्रश्न शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन सोडवावे लागतील. अभ्यासक्रम अवघड नाही. क्रेट मोजणे, किलोचा भाव लावणे, हजेरीवरून मजुरी काढून ती मुकादमाच्या आकड्याशी ताडून पाहणे. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरील सूचना मराठीत वाचता येणे. घरी बोलल्या जाणाऱ्या कोकणा बोलीतील गोष्टी लिहून काढणे, आणि तीच पुस्तके वाचणे जी शाळेतील इतर मुले वाचतात. शिकविण्यास निवृत्त शिक्षक आमच्या प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन तरी आहेत. जागाही शोधावी लागणार नाही. सकाळच्या सत्रात भरणाऱ्या आपल्या शाळांचे वर्ग दुपारी दीडनंतर कुलूप लावलेले असतात, आणि बागेतील काम साधारण पाचला सुटते.